आधी परीक्षा ठरवा, मग पुस्तकं

प्रश्न : आमची मुलगी सहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत होती. नंतर आम्ही तिला घरीच शिकवायला घेतलं. सातवी-आठवी मजेत गेली, पण आता नववी सुरू होतेय आणि माझी झोप उडाली आहे. येत्या नोव्हेंबरात तिला चौदा पूर्ण होतील. चित्रकला जीव की प्राण, वाचनही चांगलं आहे, गणितात मात्र गाडी अडते. एका कंपनीचं 'नववी-दहावी संपूर्ण पॅकेज' ६८ हजारांना मिळतंय, आणि सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे. मैत्रीण म्हणते केंब्रिज घे, शेजारचे सर म्हणतात १७ नंबरचा फॉर्म भर. सासरे म्हणतात, "बोर्डाशिवाय पोरीचं पुढे काही होत नाही." कोणता अभ्यासक्रम घेऊ?
– एक आई, सातारा

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी, ते ६८ हजार महिनाअखेरपर्यंत भरू नका. सवलत हुकली तर हुकू द्या.

तुम्ही विचारलंय 'कोणता अभ्यासक्रम', पण घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत नववीला हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की दहावीची परीक्षा कोणाची द्यायची. आठवीपर्यंत तुम्ही काहीही शिकवलंत, कशातूनही शिकवलंत तरी चाललं. दहावीला मात्र कोणत्या तरी मान्य मंडळाचं गुणपत्रक हातात लागतं. त्या मंडळाची प्रश्नपत्रिका जशी असेल, तसा अभ्यास दोन वर्षं होतो. परीक्षा ठरली की ऐंशी टक्के पुस्तकं आपोआप ठरतात, आणि ती बहुतेक फुकट असतात. आधी पॅकेज घेऊन मग परीक्षा शोधणारे पालक दहावीच्या वर्षी अडकतात. मुलीने शिकलेलं असतं एक आणि पेपरात येतं दुसरं.

तुमच्यासमोर खरे पर्याय तीन आहेत. सीबीएसई त्यात नाही, कारण तिथे नववीतच शाळेमार्फत नोंदणी व्हावी लागते. घरी शिकून थेट दहावीला बसायचा रस्ता तुमच्या मुलीसाठी नाही. कोणी सुचवेल की नाव शाळेत घाला आणि मुलगी घरी ठेवा. या 'डमी' प्रकाराच्या नादी लागू नका. २०२४ मध्ये सीबीएसईने अशा शाळांवर कारवाई केली. शाळेची संलग्नता गेली की त्रास मुलांना होतो.

आता १७ नंबर. हा आपल्याच राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांचा फॉर्म आहे. वयाची चौदा वर्षं आणि किमान पाचवी उत्तीर्ण ही अट, ती तुमची लेक पूर्ण करेल. सहावी करून बाहेर पडल्याचा शाळा सोडल्याचा दाखला तुमच्याकडे असणार. तो आजच कपाटातून काढा. या फॉर्मला मूळ दाखला द्यावा लागतो, म्हणून देण्याआधी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती करून ठेवा. जातीच्या दाखल्यापासून अनेक कामांत हा कागद पुढे लागतो. अर्ज पावसाळ्यात ऑनलाइन भरायचा असतो आणि मंडळाने नेमलेल्या संपर्क केंद्र शाळेत कागद द्यायचे असतात. दहावीला बसायचं त्या वर्षीच तो भरायचा, म्हणजे तुम्हाला यंदा नाही, पुढच्या वर्षी.

याचा मोठा फायदा म्हणजे गुणपत्रक इतर मुलांसारखंच एसएससीचं मिळतं. अकरावीच्या प्रवेशाला कोणी भुवया उंचावत नाही, निकालही वेळेत हातात येतो. अडचणी दोन. एक म्हणजे सहाही विषय एकाच वेळी द्यायचे. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं. गणिताचे दोन पेपर, चाळीस-चाळीस गुणांचे, प्रत्येकी दोन तासांचे. दुसरी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक विषयातले अंतर्गत वीस गुण असतात ते संपर्क केंद्र शाळेतून मिळवायचे असतात. तोंडी परीक्षा, प्रयोग, वह्या, सगळं तिथे. शाळा मनापासून मदत करणारी असली तर ठीक. नाही तर जानेवारीत धावाधाव होते आणि मुलीला एकदम अनोळखी बाईंसमोर तोंडी द्यावी लागते. म्हणून १७ नंबरचा विचार असेल तर शाळा आधी जाऊन बघून या.

केंब्रिजबद्दल थोडक्यात. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा, खाजगी उमेदवार म्हणून देता येते, पण त्यासाठी खाजगी उमेदवार घेणारी केंब्रिजची शाळा शोधावी लागते. साताऱ्याहून ती बहुधा पुण्यात किंवा मुंबईत मिळेल. फी विषयागणिक असते आणि पाच विषयांचा आकडा जड होतो. भारतातल्या प्रवेशासाठी पाच विषय, त्यात इंग्रजी, आणि भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षतेचं प्रमाणपत्र. एक सोय मात्र चांगली आहे. विज्ञानाच्या विषयांत प्रयोगशाळेऐवजी 'प्रयोगाला पर्याय' असा लेखी पेपर घेता येतो. मूल पुढे परदेशी जाणार असेल, घरात इंग्रजीत लिहिणं-वाचणं रोजचं असेल, तर हा पर्याय उत्तम. मराठी माध्यमातून आलेल्या, गणितात अडलेल्या मुलीला मात्र यात एकदम दोन डोंगर चढावे लागतील. तुमच्यासाठी आमचं मत : नको.

तिसरा पर्याय म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे ज्याला एनआयओएस म्हणतात. ही १९८९ साली केंद्र सरकारने सुरू केलेली संस्था आहे, तिचं मुख्यालय नोएडाला आणि एक प्रादेशिक केंद्र पुण्यात. सासऱ्यांना सांगा की हेही बोर्डच आहे. बारावी एनआयओएसमधून पाच विषय घेऊन केली तरी जेईई मेनला बसता येतं. नीटच्या बाबतीत मुक्त विद्यालयाच्या मुलांना २०१८ मध्ये अडवलं गेलं होतं, ती वाट नंतर न्यायालयांनी मोकळी केली. आजोबांची भीती अगदीच निराधार नाही. 'बोर्ड' असं नाव लावून दुकान मांडलेल्या बऱ्याच संस्था खोट्या असतात. कोणतंही अनोळखी मंडळ कोणी सुचवलं, तर ते शालेय मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कोब्सेच्या, यादीत आहे का ते पाहा. यादीत नसेल तर तिथेच थांबा. आपल्या राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. शाळेचा कोणताच कागद नसलेल्या मुलांना पाचवी आणि आठवीच्या परीक्षांसाठी त्याचा उपयोग होतो. तुमच्याकडे दाखला आहे, तुम्हाला त्याची गरज नाही.

तुमच्या मुलीसाठी आम्ही एनआयओएस निवडलं असतं. कारण सांगतो. इथे किमान पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा, जास्तीत जास्त दोन. वर दोन जादा विषय घेता येतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. ज्या विषयात पास झाली तो विषय जमा होतो, पुन्हा द्यावा लागत नाही. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, पण लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे. गणितात अडणाऱ्या मुलीला एवढी मोकळीक पुरेशी आहे. शिवाय इथे चित्रकला हा मुख्य पाच विषयांत घेता येतो, त्यात प्रात्यक्षिकाचा वाटाही मोठा असतो. जो विषय तिचा जीव की प्राण आहे त्याचे गुण थेट टक्केवारीत येतील.

विषय असे घ्या : मराठी, इंग्रजी, गणित (२११), विज्ञान आणि तंत्रज्ञान (२१२), चित्रकला (२२५). सहावा म्हणून सामाजिक शास्त्र (२१३) घ्यायला हरकत नाही. पुस्तक जाड आहे, पण वाचनवेड्या मुलीला ते जड जाणार नाही आणि एखादा विषय घसरला तर उरलेले पाच हाताशी राहतात. गणित आणि विज्ञान टाळून सोपे विषय घ्यायचा मोह होईल, एनआयओएसने नेमून दिलेल्या अभ्यास केंद्रावरही कोणी तसं सुचवेल. तो मोह टाळा. 'चित्रकलाच करणार आहे, गणित कशाला' हे चौदाव्या वर्षी बरोबर वाटतं, पण वास्तुरचनेला जायचं ठरलं तर बारावीत गणित लागतं, आणि दहावीला गणित-विज्ञान सोडलं की अकरावी विज्ञानाचं दार बंद होण्याची भीती असते. दहावीचं गणित ३३ टक्क्यांनी पास झालं तरी चालेल, पण गुणपत्रकावर ते असू द्या.

आता तारखा. एनआयओएसच्या नोंदणीच्या साधारण दोन खिडक्या असतात. मार्चच्या मध्यापासून जुलैअखेर नोंदणी केली तर पुढच्या एप्रिल-मेची परीक्षा, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर केली तर पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची. नोंदणी करताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून तारीख आणि फी तपासा. मुलींना फी थोडी कमी असते. आमचा सल्ला असा : आत्ता घाई नको. नोव्हेंबरात तिला चौदा पूर्ण झाली की डिसेंबरात नोंदणी करा आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळे विषय द्या. तोवर सोळा महिने मिळतात.

सगळे विषय एप्रिललाच द्यावेत असंही कोणी सांगेल. त्यात खोच अशी की एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत आपल्या राज्याची अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. ही प्रक्रिया २०२५-२६ पासून साताऱ्यासकट सगळ्या राज्याला लागू झाली आहे. ऑक्टोबरात परीक्षा झाली तर गुणपत्रक आणि स्थलांतर प्रमाणपत्र प्रवेशाच्या खूप आधी हातात असेल. एखादा विषय राहिला तर तो एप्रिलमध्ये पुन्हा देता येतो. एप्रिलकडे राखीव म्हणून पाहा. आणि एक लक्षात असू द्या, नोंदणी झाली म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही. परीक्षेची फी विषयवार, वेगळी, ठरलेल्या मुदतीत भरायची असते. मुलांचं वर्ष सगळ्यात जास्त वेळा इथे हुकतं. अभ्यासात कमी पडल्याने हुकलेली उदाहरणं त्या मानाने कमी.

फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, मदत करणाऱ्या दुकानदाराचा किंवा एजंटाचा नको. सगळे निरोप त्यावरच येतात. नावाचं, आईच्या नावाचं आणि जन्मतारखेचं स्पेलिंग आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावर तंतोतंत एक आहे का ते आत्ताच जुळवा. प्रमाणपत्रावर छापून आलं की दुरुस्तीला महिने जातात. 'पासची हमी' देणारं अभ्यास केंद्र दिसलं तर तिथून परत फिरा.

टीएमए हा शब्द तुमच्या कानावर पडेलच. घरून लिहून द्यायचा स्वाध्याय असतो तो, त्याला वीस टक्के वजन आहे. पुस्तकातले काही धडे फक्त टीएमएसाठी आणि उरलेले लेखी परीक्षेसाठी अशी विभागणी केलेली असते. ती यादी पहिल्याच दिवशी छापून भिंतीवर लावा, नाहीतर मुलगी परीक्षेला न येणारे धडे पाठ करत बसते. टीएमए स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचा. तयार टीएमए विकत मिळतात. ते घेतले तर वीस गुणांसाठी तीन महिन्यांचा लेखनसराव गमावला असं होतं.

आता पुस्तकं. एनआयओएसची पुस्तकं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, माध्यमिकसाठी मराठी माध्यमही आहे. बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकंही ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतात. सध्याचं नववीचं पुस्तक २०१७ मध्ये आणि दहावीचं २०१८ मध्ये आलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलतायत, म्हणून १७ नंबरचा विचार राहिला तर आवृत्ती बघून घ्या. दोन्हींत मोठा फरक आहे. बालभारतीचं पुस्तक वर्गात शिक्षक आहेत असं गृहीत धरून लिहिलेलं असतं. एनआयओएसचं पुस्तक एकट्याने वाचायला लिहिलेलं असतं, मध्ये मध्ये पाठगत प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं पाठाच्या शेवटी असतात. घरी शिकणाऱ्यांना हे दुसरं सोयीचं जातं. काही ठिकाणी भाषा मात्र भाषांतराची, कोरडी वाटते.

हे तुमच्या मुलीला पेलतं का ते आम्ही इथून सांगू शकत नाही, तुम्ही एका सकाळी बघू शकता. दोन्ही पुस्तकांतला एकच विषय घ्या, समजा 'गती'. एक दिवस एक पुस्तक, चाळीस मिनिटं तिला एकटीला वाचू द्या. मग पुस्तक बंद करून तिने तुम्हाला सांगायचं : चाल आणि वेग यांत फरक काय, आणि तो घरातून दुकानापर्यंत जाऊन परत येण्याच्या उदाहरणात कसा दिसतो. घरी परत आलं की विस्थापन शून्य, अंतर शून्य नाही, हे तिच्या तोंडून आलं तर पुस्तक चालतं. नुसती व्याख्या आली तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. गणित-विज्ञान इंग्रजीतून करायचं की मराठीतून हेही याच वेळी ठरवा. अकरावी विज्ञानाचा विचार असेल तर निदान संज्ञा दोन्ही भाषांत यायला हव्यात. वहीच्या शेवटी दोन रकाने करा, एकीकडे 'त्वरण', दुसरीकडे 'अॅक्सलरेशन'. रोज पाच शब्द पुरेत.

गणिताबद्दल मात्र जरा थांबून बोलू, कारण 'गाडी अडते' म्हणजे कुठे अडते हे पत्रातून कळत नाही. नववीचं पुस्तक उघडण्यापूर्वी या रविवारी तिला सहा उदाहरणं द्या. वेळ पाऊण तास, कॅल्क्युलेटर नाही, खोडरबरही नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारायची.

पहिलं : ३/४ भागिले २/५. दुसरं : (−३) − (−७). तिसरं : ६४० चे साडेबारा टक्के. चौथं : २(क्ष − ३) = ५क्ष + ९, क्ष काढा. पाचवं : क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडा. सहावं : काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या बाजू ६ आणि ८ सेंमी, कर्ण किती?

उत्तरं १५/८, ४, ८०, −५, (क्ष + २)(क्ष + ३) आणि १० सेंमी. किती बरोबर आली हे मोजू नका, कोणतं चुकीचं उत्तर आलं ते पाहा. चौथ्या उदाहरणात −४ आलं असेल तर तिने कंसातल्या दुसऱ्या पदाला दोनने गुणलंच नाही, २क्ष − ३ लिहून पुढे गेली. १ आलं असेल तर कंस नीट सुटला आहे, पण ९ डावीकडे नेताना चिन्ह बदललं नाही. पहिल्यात ३/१० आलं तर भागाकाराऐवजी सरळ गुणाकार झाला, ८/१५ आलं तर चुकीचा अपूर्णांक उलटा झाला. दुसऱ्यात −१० किंवा −४ आलं तर ऋण संख्याच पक्क्या नाहीत, मग चौथं सुटण्याची आशाच नको. या प्रत्येक आजाराचं औषध वेगळं आहे. 'गणित कच्चं' म्हणून आठवीचं सगळं पुस्तक पुन्हा करून घेणं म्हणजे दातदुखीवर सगळ्या अंगाला मलम लावणं झालं.

पहिली तीन चुकली तर सहावी-सातवीचे अपूर्णांक, ऋण संख्या आणि टक्केवारी, एवढंच, रोज अर्धा तास, सहा आठवडे. नववीचं गणित तोपर्यंत बंद. पहिली तीन बरोबर आणि चौथं-पाचवं चुकलं तर तीन आठवडे फक्त बीजगणित, रोज दहा समीकरणं, प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करायचा. वरच्या समीकरणात −५ घाला : डावीकडे −१६, उजवीकडेही −१६. ताळा करायची सवय लागली की मुलीला तुमच्याकडे 'बरोबर आहे का' विचारायला यावं लागत नाही. घरी शिकताना हा फार मोठा दिलासा असतो, दोघींनाही. फक्त सहावं चुकलं असेल तर काळजीचं कारणच नाही.

तुमचं स्वतःचं गणित दहावीच्या पातळीला पुरत नसेल, तर ६८ हजारांतले थोडे इथे खर्च करा. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, समोर बसून वही बघणारी शिक्षिका. व्हिडिओ शिकवतात, पण कंस कुठे सुटला ते बघत नाहीत. पॅकेजवाल्यांना फोन कराच, आणि विचारा : हे कोणत्या मंडळाच्या कोणत्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचं आहे? मुलीने हाताने लिहिलेलं उत्तर कोण तपासणार, किती दिवसांत? मध्येच सोडलं तर पैसे परत कसे? परीक्षेचा फॉर्म कोण भरणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक 'तो पालकांनी भरायचा' असंच उत्तर मिळेल. तेव्हा खरी अवघड कामं तुमच्याकडेच राहतात, हे तुमच्या लक्षात येईल.

वेळेचा हिशोब सोपा आहे. एका विषयाला वर्षाला सुमारे दोनशे तास धरा, पाच विषयांचे हजार. पंचेचाळीस आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज साडेचार तास केले की बसतं. सकाळी पन्नास मिनिटं गणित, पन्नास विज्ञान, मग चाळीस-चाळीस मिनिटं दोन भाषा, दुपारी तासभर चित्रकला आणि शेवटचा अर्धा तास लेखन. सामाजिक शास्त्र घेतलं तर शनिवारची सकाळ त्याला. यापेक्षा जास्त बसवू नका, त्याने काही वाढत नाही.

तो शेवटचा अर्धा तास मात्र कधी सोडू नका. घरी शिकणारी मुलं तोंडी छान सांगतात आणि तीन तासांच्या पेपरात हात दुखून थांबतात. घड्याळ लावून पंधरा मिनिटं सलग लिहायला लावा आणि शब्द मोजा. सुरुवातीला शंभर-सव्वाशे येतील. दोनशेच्या वर, वाचता येईल अशा अक्षरात, वर्षअखेर यायला हवेत. उरलेल्या पंधरा मिनिटांत तिनेच आपलं उत्तर वाचून मुद्दे अधोरेखित करायचे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक जुनी प्रश्नपत्रिका, पूर्ण वेळ लावून, टेबलावर बसून. पलंगावर लोळत नाही.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी अभ्यास केंद्राचे वर्ग आणि परीक्षा दोन्ही चुकवू नका. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं हे वर सांगितलंच. घरी थोडं साहित्य असलं की तिथे गेल्यावर हात थरथरत नाही : एक बहिर्वक्र भिंग, लिटमस कागद, तापमापी, मोजपात्र, ताणकाटा, सगळं मिळून फार खर्च नाही. भिंगाचं नाभीय अंतर काढायला खिडकीसमोर लांबचं झाड बघा, भिंग धरा, मागे कोरा कागद पुढे-मागे सरकवा. झाडाची उलटी, बारीक, स्पष्ट प्रतिमा आली की भिंग ते कागद अंतर मोजा. तीनदा करा, सरासरी घ्या. झाडाऐवजी दोन मीटरवरचा दिवा घेतला तर दहा सेंमीच्या भिंगाला साडेदहा येतात, आणि मुलं म्हणतात प्रयोग चुकला. प्रयोग चुकलेला नसतो, वस्तू पुरेशी लांब नव्हती. हे वहीत 'दक्षता' या मथळ्याखाली तिच्याच शब्दांत आलं की तोंडी परीक्षेत विचारायला परीक्षकांकडे फारसं उरत नाही.

चित्रकलेला नुसतं काढत राहणं पुरणार नाही. एनआयओएसच्या चित्रकलेत भारतीय आणि पाश्चात्त्य कलेचा लेखी भागही असतो, त्याला आठवड्यातला एक तास द्या. शिवाय राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा तिने द्याव्यात असं आम्हाला वाटतं, एलिमेंटरी आधी. अर्ज शाळेमार्फत जातात, म्हणून जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना जूनमध्येच भेटा, त्यांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं. वस्तुचित्र आणि संकल्पचित्र वेळेत पुरं करण्याचा सराव होईल आणि आपल्या वयाची इतर मुलं भेटतील. ती 'एकलकोंडी होईल का' ही चिंता पत्रात नाही, पण घरातल्या कोणाला वाटत असेल तर तिचं उत्तरही इथेच मिळेल.

आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांनी, म्हणजे नोंदणीच्या आधी, नोव्हेंबरअखेर पुन्हा विचार करा. वरची गणिताची सहा उदाहरणं तेव्हा सहज सुटत असतील, हिंदीही तिला आवडत असेल, आणि साताऱ्यात मदत करायला तयार असलेली संपर्क केंद्र शाळा तुम्हाला सापडली असेल, तर १७ नंबरही वाईट नाही. या सहा महिन्यांत केलेलं काहीही वाया जाणार नाही, कारण नववीचं गणित, विज्ञान आणि मराठी-इंग्रजीचं लेखन दोन्हीकडे सारखंच लागतं. डिसेंबर उजाडला की मात्र एक काय ते ठरवा आणि दुसऱ्याची पुस्तकं माळ्यावर टाका.